युरोपियन युनियनच्या देशानं पर्यावरणाचा कायदा वेळेत लागू केला नाही तर खरंच दंड होतो का?

हो, खरंच होतो, पण बहुतेक वेळा कोर्टाचा दुसरा निकाल लागल्यावरच, त्यामुळे वर्षानुवर्षं जातात. आधी युरोपियन कमिशन (युनियनचा कारभार बघणारी संस्था) नोटीस पाठवतं, मग सविस्तर मत देतं, तरी ऐकलं नाही तर लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या कोर्टात केस. तिथे हरूनही देश हललाच नाही तर परत केस करून दंड मागतात. पहिला असा दंड ग्रीसला बसला. क्रीट बेटावर खानिया भागात कुरुपितोस नदीच्या मुखाशी, समुद्रापासून जेमतेम 200 मीटरवर, दवाखान्यांचा आणि कत्तलखान्यांचासुद्धा कचरा उघड्यावर टाकत होते. पहिला निकाल 1992 चा, दंड 4 जुलै 2000 ला, रोजचे 20,000 युरो! मधली आठ वर्षं तिथल्या लोकांनी तो कचरा सोसला हे मला फार वाईट वाटतं.

फक्त एक अपवाद आहे, डिरेक्टिव्हनुसार (म्हणजे देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युनियनचा नियम) देशात कायदा केल्याचं मुदतीत कळवलंच नाही तर 2009 मध्ये लागू झालेल्या, युनियनचे मूळ नियम बदलणाऱ्या लिस्बन करारापासून कोर्ट पहिल्याच निकालात दंड लावू शकतं.