कोकणात गरिबाला परवडणारं, टिकाऊ घर देण्यासाठी इंजिनिअरिंग काय करू शकतं?

सगळ्यात आधी छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा कित्येक घरांच्या भिंती शाबूत होत्या, पण पत्रे उडाले आणि माणसं उघड्यावर आली. वादळी वारा छप्पर वर खेचतो. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा, त्यात आधीच रोवलेले बोल्ट, त्यांना आवळलेले वासे, आणि कडेच्या पत्र्यांना जास्त हूक, तेही गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. गेलं तर तेवढंच जाईल. घराच्या मानाने हा खर्च थोडा आहे, पण घरकुल योजनेचं सरकारी अनुदान पुरेना की कात्री इथेच लागते, हे मला फार खटकतं.

भिंतीला जांभ्याचा चिरा उत्तम. खाणीतून निघताना मऊ, हवेत कडक होतो, भट्टी लागत नाही. चांगला चिरा असेल तर बाहेरून प्लास्टरही वाचतं.

जमीन नावावर नसलेल्यांचा प्रश्न मात्र इंजिनिअर सोडवू शकत नाही. तो महसूल खात्यानेच सोडवायला हवा.