त्रेपन्नचे पस्तीस का होतात?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी वडगाव बुद्रुकच्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवीला शिकवते. वर्गाचा पट ४१. त्यातल्या नऊ जणांना धड वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी तर दूरच. बहुतेकांचे आईवडील बांधकामावर किंवा धुण्याभांड्याला जातात. पालकसभेला कोणी फिरकत नाही. आता पाचवीला नापास करता येतं, तर "ठेवा मागे, म्हणजे अक्कल येईल" असं आमच्या स्टाफरूममध्ये चाललंय. मन तयार होत नाही, पण पुढे ढकलणंही पटत नाही. काय करू?

उत्तर : ताई, "अक्कल येईल" हे मीही बोललेय. तेहेतीस वर्षं खडू हातात होता, त्यातली पहिली दहा तरी असंच बोलण्यात गेली.

आधी कायद्याचं सांगते, कारण स्टाफरूममध्ये त्यातला अर्धाच भाग पोचलेला दिसतो. २०१९ साली शिक्षण हक्क कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला मूल मागे ठेवायची वाट मोकळी झाली, हे खरं. पण नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं, निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची, हेही त्याच कलमात आहे. जादा काय शिकवणार, ते त्या नऊ जणांचं घोडं कुठे अडलंय हे कळल्याशिवाय ठरायचं नाही. तेच पाचवीचं पुस्तक पुन्हा वर्षभर पुढ्यात ठेवून काय होणार?

म्हणून या आठवड्यात एकेकाला शेजारी बसवा. दहा मिनिटं पुरतात. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीची माणसं २००५ पासून गावोगाव हेच करतात : आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे थांबलं तेवढं वहीत टिपा. मार्क देऊ नका. नऊ जण नऊ ठिकाणी थांबलेले निघतील. एखादा जोडाक्षराशी अडलेला असेल, तर एखादीला वाचता येत असेल पण फळाच दिसत नसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडे येतच असेल, आलं की तिचे डोळे आवर्जून दाखवा. तोवर तिला पहिल्या बाकावर घ्या.

गणिताचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलेय.

माझ्या चौथीत विजापूरकडचा एक मुलगा होता. वडील सेंट्रिंगच्या कामावर, घरात कन्नड. मी "त्रेपन्न" म्हटलं की हा हमखास पस्तीस लिहायचा. "सत्तेचाळीस" म्हटलं की चौऱ्याहत्तर. लक्ष नाही म्हणून मी त्याला दोनदा उभं केलं. तिसऱ्यांदा त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही तीन आधी म्हणता ना?"

अहो, म्हणतोच की! त्रे आधी, पन्न नंतर. तो ऐकू येईल तसंच लिहीत होता. मी विचारलं, घरी काय म्हणता? म्हणाला, "ऐवत्तमूरू." पन्नास-तीन. आणि ५३ बरोबर लिहून दाखवलं. त्याच्या भाषेत दशक आधी येतो, एकक मागून. वजाबाकी त्याला येत होती. मी तोंडी सांगितलेली संख्याच पाटीवर चुकीची उतरत होती, मग उत्तर कुठून बरोबर येणार? त्या दिवशी घरी गेल्यावर चहा गोड लागला नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली आठवतं? विषय थेट विधानसभेत गेला. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या. जोडाक्षरांच्या संख्यानामांनी मुलं बिचकतात, हे त्या सांगत राहिल्या. मी मात्र हसणाऱ्यांत नव्हते. मला तो मुलगा आठवत होता. जुनी नावं जाऊ देऊ नका, ती बाजारात लागतातच. पण पाटीवर लिहिताना आठवडाभर "पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न" असं जोडीनं म्हणा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या समोर हव्यात. हातचा घ्यायचा म्हणजे गठ्ठा सोडायचा, हे बोटांना कळलं की वहीत उतरतं.

आता वेळ कुठून आणायचा? मुख्याध्यापकांकडून रोज एकच तास मागा, तोही सकाळचा पहिला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीनुसार बसवा : अक्षरवाले एका बाईंकडे, शब्दवाले दुसऱ्या, उतारेवाले तिसऱ्या. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं ही पद्धत देशभर वापरून पाहिलीय. पाचवीतला मुलगा तिसरीच्या मुलांत बसायला लाजतो, हे खरं. गटांना अक्षर-शब्द म्हणू नका, आंबा-चिंच म्हणा. आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून गट बदला, नाहीतर तीच एक नवी नापासांची तुकडी होऊन बसेल.

पालकसभा अकरा वाजता घेत असाल तर कोण येणार? त्या वेळी बायका दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. संध्याकाळी साडेसातला वस्तीत जा, बरोबर मुलाची वही न्या. तक्रार नको, त्याला जमलेलं एक पान तेवढं दाखवा.

तुमच्या नऊ जणांत कोणी कन्नड किंवा तेलुगू घरातलं आहे का, तेवढं पुढच्या पत्रात कळवा. असेल तर उद्याच त्याला म्हणा, तुझ्या भाषेत त्रेपन्न म्हण आणि लिही.