एअर रायफलचा स्टॉक (दस्ता) बदलताना पुढचा एक स्क्रू निघत नाही, ॲलनची (षटकोनी) खाच गोल होत चाललीय. काय करावं?

तीन स्क्रू निघाले आणि पुढच्या बाजूचा एकच अडलाय, म्हणजे बहुतेक त्याला कारखान्यातच थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) लावलेला आहे. स्प्रिंगवाल्या रायफलला दोन्ही दिशांनी झटका बसतो, त्यामुळे पुढचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून तो लावतात. बॅरलमध्ये छर्रा नाही आणि स्प्रिंग कॉक केलेली (दाबून अडकवलेली) नाही, याची आधी खात्री करा. कॉक असेल तर स्टॉकला हातच लावू नका.

गंज सोडवणारं तेल मी इथे वापरणार नाही. सुकलेला थ्रेडलॉकर तेलाने सुटत नाही, आणि लाकडी स्टॉक असेल तर छिद्राभोवतीचं लाकूड ते पिऊन काळं आणि मऊ पडतं.

आता पाना तपासा. इंची मापाच्या १/८ खाचेत ३ मिमीची ॲलन की आरामात जाते, पण तिथे जवळजवळ ०.१७ मिमी मोकळीक उरते आणि कडा त्यामुळेच घासतात. की खाचेत तळापर्यंत गेली पाहिजे. तळाशी साचलेला रंग नि मळ सुईने टोकरून काढा. गोल टोकाची की अजिबात नको.

खरा उपाय उष्णता. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दीड-दोन मिनिटं दाबून धरा. निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर तेवढ्याने ढिला पडतो. लाल, म्हणजे जास्त ताकदीचा असेल तर साधारण २५० अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे जास्त वेळ धरावं लागेल. टोक फक्त धातूला लागू द्या, प्लास्टिकचा स्टॉक लगेच वितळतो. गॅसची ज्योत नको, आतलं ग्रीस आणि सील तिथून फार लांब नसतात. स्क्रू गरम असतानाच आधी किंचित आवळा, मग सोडवा. थ्रेडलॉकर तुटल्याची बारीक ‘कट्’ हाताला जाणवते.

खाच पुरतीच गोल झाली असेल तर टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट ठोकून बसवा: ३ मिमीच्या खाचेत टी१५, ४ मिमीच्या खाचेत टी२५. ठोकताना रायफलखाली वाळूची पिशवी ठेवा. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र नको, त्याने स्टॉकचा पुढचा भाग तडकतो.

तरीही हलला नाही तर डोकं उडवा. घाबरण्यासारखं काही नाही. एम५ (५ मिमी जाडीचा) स्क्रू असेल तर ५ मिमीचा ड्रिल बिट, कमी वेग, अगदी मधोमध. डोकं दांड्यापासून सुटून बिटावर फिरायला लागलं की लगेच थांबा, आणखी खोल जायचं नाही. मग स्टॉक सरळ उचलता येतो आणि दांड्याचा तुकडा मोकळा दिसतो. तो व्हाईस-ग्रिप पकडीत धरून फिरवला की बहुतेक वेळा सहज निघतो, कारण आवळलेपणाचा मोठा भाग डोक्याखालीच असतो आणि डोकं गेलं की तो ताण संपतो. शिवाय ड्रिलच्या घर्षणानेही थ्रेडलॉकर तापतो.

नवा स्टॉक बसवण्याआधी आटे ॲसिटोनने पुसा, पण त्याचा थेंब पॉलिशवर किंवा प्लास्टिकवर पडू देऊ नका. स्क्रू नवाच घ्या, त्याच लांबीचा. लांब पडला तर आत कॉकिंगच्या दांडीला अडतो. निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरे. चारही स्क्रू आधी सैल बसवा, मग आळीपाळीने आवळा. की लांब बाजूने धरू नका, जोर जास्त लागतो आणि लाकूड दबतं. थ्रेडलॉकर पूर्ण सुकायला २४ तास द्या, तोवर छर्रा मारू नका.