गॅलरीत हजार लिटरची टाकी? आधी हे वाचा

ताई, दोघांचं घर, मिस्टरांची शिफ्ट, जुना टू बीएचके, गॅलरी किचनमध्ये घ्यायची आणि कोपऱ्यात हजार लिटरची टाकी ठेवायची, ही तुमची इथली पोस्ट वाचली आणि आमचं २०१७ साल आठवलं. आमचंही अगदी तसंच. मी वाळूजला शिफ्टमध्ये, बायकोची सकाळची शाळा, फ्लॅट संभाजीनगरातच दुसऱ्या मजल्यावर. जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, आपल्या नळाला पाणी दिवसाआड तरी कुठे येतं! त्यामुळे टाकी हवीच. वायरिंग, जुने लोखंडी पाइप वगैरेंबद्दल लिहीत बसत नाही, ते तुम्ही बदलणारच.

गॅलरीचं मात्र नीट ऐका. किचनच्या लेव्हलला आणायची म्हणून मिस्त्रीने तिथे चार इंच जाड कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, टाकला, वर फरशी, कडेने विटांची भिंत, स्लायडिंग खिडकी. मग टाकी. मी विचारलं, वजन पेलेल का? "काय होतंय साहेब, आरसीसी हाय." झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकी सरकेना. ट्रॅकमध्ये तेल घातलं, फिटरला दोनदा बोलावून भांडलो. फरशी आणि किचनच्या भिंतीत फट पडली होती, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. ती मी पांढऱ्या सिमेंटने बुजवली. (हसू नका.) शेवटी खालच्या काकू एका संध्याकाळी प्लास्टरचा पोपडा हातात घेऊन आल्या. त्यांच्या तुळशीत पडला होता.

इंजिनिअर आले. खालून पाहिलं आणि पहिलं वाक्य, "टाकी आत्ताच्या आत्ता रिकामी करा." नळ पाच दिवसांपूर्वी आला होता, पुढचा कधी माहीत नाही, आणि आम्ही रात्री दहाला अख्ख्या बिल्डिंगला बादल्या भरून पाणी वाटत होतो. एवढी लोकप्रियता पुन्हा लाभली नाही.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत: हजार लिटर म्हणजे एक टन, तोही जेमतेम एका चौरस मीटरवर. घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २०० किलो आणि बाल्कनीला ३०० च्या आसपास भार धरून डिझाइन करतात. आमच्या कोब्याचंच चौरस मीटरला दीड-दोनशे किलो झालं होतं, भिंत वेगळी. आमच्या गॅलरीसारखा, खाली आधार न देता भिंतीतून नुसता बाहेर काढलेला स्लॅब वजनाने टोकाला झुकतो आणि वरून ताणला जातो. म्हणून त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, आणि तडाही वरून, भिंतीलगत जातो. वर फरशी, म्हणून आपल्याला दिसत नाही. मी बुजवलेली फट तीच.

तीन महिने खाली काकूंच्या गॅलरीत लोखंडी टेकू. कोबा, भिंत सगळं फोडलं, खालून लोखंडी ब्रॅकेट. एक लाख चाळीस हजार गेले, किचनच्या ओट्याला एवढे लागले नव्हते.

बिल्डिंगचा मूळ नकाशा बघायला मी काम काढायच्या आधीच गेलो होतो हो. एका कार्यालयात पाच खेपा. पहिल्यांदा अर्ज चुकीच्या टेबलावर, मग साहेब मीटिंगमध्ये, मग "एवढी जुनी फाइल कुठं सापडती", आणि पाचव्या वेळी वर मलाच प्रश्न, "नकाशा कशाला पाहिजे तुम्हाला?" वैतागून काम सुरू केलं. चूक माझीच, पण नाइट शिफ्ट करून दिवसा रांगेत उभं राहून बघा एकदा.

मी इंजिनिअर नाही, आणि प्रत्येक बिल्डिंग वेगळी असते. तरी माझं मत: मोठा साठा खाली हौदात, सोसायटीला पटवून एक मोटर. वर घरात दोनशे लिटरच्या दोन छोट्या टाक्या बस होतात, त्याही खाली बीम किंवा भिंत असेल तिथेच. दोघांच्या घराला हजार लिटर वर चढवायची हौस नको.

आणि गॅलरी पूर्ण बंद करूच नका. कूलरची हवा बाहेर जायला समोर उघडी जागा लागते, नाहीतर मे महिन्यात घर नुसतं चिकचिकतं. आमचं दोन उन्हाळे तेच झालं. मिस्टर दिवसा झोपणार असतील तर पश्चिमेची खोली त्यांना देऊ नका, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. बायकोने मला पूर्वेच्या खोलीत टाकलं, तेव्हा कुठे झोप लागायला लागली.

तुमची गॅलरी खालून बघून घ्या आधी. दोन्ही कडांना बीम बाहेर आलेत की नुसता सपाट स्लॅब आहे, ते इथे सांगा.