सोलापुरी चादरीवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो?

साबण आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, म्हणून. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य दर्शक आहे, म्हणजे सामूनुसार (pH, आम्ल-आम्लारीचं माप) रंग बदलतं: सामू साधारण साडेसातपर्यंत पिवळं, साडेआठच्या पुढे तांबडं. कपड्याच्या वडीचा सामू 9-10 च्या आसपास, म्हणजे डाग लाल होणारच. चादरीचा रंग गेला असं समजून दुकानदाराशी भांडू नका! त्यावर लिंबू पिळा, लाली जागच्या जागी पिवळी होते. इथे सोलापुरात आठवीच्या वर्गाला मी हेच हळदीच्या कागदावर चुना लावून दाखवते. फक्त एक, हळद आम्ल ओळखत नाही. लिंबूरस आणि साधं पाणी, दोन्हींत पिवळीच राहते. तिथे लिटमस कागद लागतो. आणि लिंबाने डाग निघत नाही हं, धुऊन कडक उन्हात टाका, तिथे तो फिका पडतो.