ब्लूज, रॉक आणि पत्रिकेतला शनी

प्रश्न: तुम्ही ब्लूज-रॉकवर लिहिता आणि मानसशास्त्रीय ज्योतिषावरही लिहिता. या दोन गोष्टी एका माणसाला कशा काय आवडतात? माझ्याही आवडी अशाच चहूकडे पसरल्या आहेत. घरी रोज 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ऐकावं लागतं. एकच काहीतरी धरून बसावं का?

उत्तर:

एकच धरून बसू नका. फक्त प्रत्येक आवडीत आपला पाय नेमका कुठं अडकतो ते नीट बघा. मी तसं बघितलं तेव्हा माझ्या सगळ्या आवडींच्या तळाशी एकच कुतूहल निघालं. मनातलं जे सरळ बोलता येत नाही, ते माणसं कुठल्या ठरलेल्या चौकटीत बसवून बोलतात? ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ही तशी एक चौकट, पत्रिका ही दुसरी. दोन्ही मला त्याच एका कारणासाठी प्रिय आहेत.

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. आमच्या लहानपणी इंग्रजी गाणी यायची ती गोव्याकडून, घाट चढून. मामेभाऊ सुट्टीला आला की पिशवीत काजूबरोबर कॅसेटी असायच्या. घरात मात्र धारवाडच्या गवयांचं राज्य होतं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, आणि कुमार गंधर्व तर आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. त्यामुळं पहिल्यांदा ब्लूज कानावर पडला तेव्हा मी तो सा-रे-गच्या कानानंच ऐकला, आणि अजूनही तसाच ऐकतो.

त्याचा सांगाडा सांगतो, कारण तो कळला की निम्मं काम झालं. एका आवर्तनात बारा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रा. पहिले चार बार 'सा'च्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही स्वर), मग दोन 'म'वर, परत दोन 'सा'वर, मग एक 'प', एक 'म' आणि शेवटचे दोन पुन्हा 'सा'. शब्दांचीही बांधणी ठरलेली. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मला त्या परत म्हटलेल्या ओळीचं फार मोल वाटतं. गाणाऱ्याला तेवढ्यात पुढचं सुचतं. ऐकणाऱ्यालाही पहिल्या खेपेला जी नुसती तक्रार वाटली होती, ती दुसऱ्या खेपेला खरी वाटायला लागते.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. जात्यावर बसली की तीही ओवीची पहिली ओळ दोनदा म्हणायची. तेवढ्यात डाव्या हातानं मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात पडायचे आणि पुढची ओळ तयार व्हायची. सासूचं नाव घेऊन बोलायची तिला सोय नव्हती, पण ओवीत सगळं बोलता यायचं आणि पलीकडच्या खोलीतली सासू ते ऐकूनही घ्यायची. कारण ती ओवी होती. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतल्या काळ्या मजुरांनाही मालकाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. शेतातल्या त्यांच्या आरोळ्या आणि कामाची गाणी यांतूनच ब्लूज घडला.

वाद्यांतही तेच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाच्या पौर्णिमेला जोगत्यांच्या हातात चौंडकं असतं. लाकडाचं पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, त्यातून ओवून घेतलेली एकच तार. डाव्या हातानं तार ताणायची किंवा सैल सोडायची आणि उजव्या हातानं छेडायची. स्वर जागेवर उभा राहत नाही, तो वर चढत जातो, खाली ढळतो, आणि गाणाऱ्याचा गळा त्याच्या मागं जातो. तिकडं मिसिसिपीत पोरं घराच्या भिंतीला एक तार ठोकायची, खाली बाटली अडकवून ती ताणायची आणि दुसरी बाटली तारेवरून फिरवत वाजवायची. त्याला डिडली बो म्हणतात. तिकडच्या कितीतरी गिटारवाल्यांचे हात पहिल्यांदा त्यावरच बसले. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी राहतो, तो या सरकत्या तारेवर आणि गळ्यात सहज सापडतो, पेटीवर सापडत नाही. आपल्याकडं दोन्ही गंधार घेणारा जोग राग ऐका. गिटार शिकणाऱ्या पोरांना मी आधी जोग ऐकवतो.

रॉबर्ट जॉन्सन या मिसिसिपीच्या ब्लूज गवयाबद्दल एक गोष्ट सगळेच सांगतात, की त्यानं मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारीची कला मिळवली. आमच्याकडं ही गोष्ट कुणालाच परकी वाटत नाही. अमावास्येला तिकटीवर उतारा ठेवलेला असतो आणि तो ओलांडायचा नाही, हे शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. पण मला ती गोष्ट जॉन्सनवर अन्याय करणारी वाटते. मुळात ती टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गवयाबद्दल सांगितली जायची, ती पुढं याला चिकटली. रॉबर्टला आइक झिमरमन नावाचा गुरू होता आणि त्याच्यापाशी बसून त्यानं मेहनत केली. १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून त्यानं २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी गेला. मेहनतीचं श्रेय सैतानाला कशाला द्यायचं?

रॉक हा याच घरातला पुढचा मुलगा. मडी वॉटर्स हा ब्लूज गवई १९४३ मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या अड्ड्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून विजेची घेतली. त्याच्या १९५०च्या एका ध्वनिमुद्रिकेवरून लंडनच्या काही पोरांनी १९६२ मध्ये आपल्या बँडचं नाव ठेवलं, ते रोलिंग स्टोन्स. आता एक गंमत बघा. गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की पूर्ण कॉर्ड चिखलासारखी वाजते, गंधारानं सगळा घोटाळा होतो. म्हणून रॉकवाल्यांनी गंधार काढूनच टाकला आणि फक्त सा-प ठेवला. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ती आनंदी पण नाही आणि दुःखी पण नाही, नुसती भक्कम उभी असते. आणि सा-प म्हटल्यावर आपल्याला काय आठवणार? तंबोराच. मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन कारागीर जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, कशी काढतात ते एकदा बघा. घोडीचा माथा किंचित घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा आणि कान लावून ऐकायचं, परत घासायचं. साध्या तारेत स्वयंभू स्वरांची झुंबड उठवायची, एवढ्यासाठी सगळी खटपट. फाडलेल्या गिटारीतूनही नेमके हे वरचे स्वरच उसळून वर येतात. इथल्या कॉलेजच्या बँडमधली पोरं मला विचारतात, काका, तुम्हाला ख्याल आवडतो तर हा गोंगाट कसा सहन होतो? मी त्यांना मिरजेला जाऊन यायला सांगतो.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर ते पृथ्वीवर नाही. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर ब्लूज गिटारवाला ब्लाइंड विली जॉन्सन याची १९२७ची ध्वनिमुद्रिका आहे. त्यात शब्द नाहीत, नुसता हुंकार आणि तारेवर सरकणारी गिटार. त्याच तबकडीवर चक बेरीचा रॉक अँड रोल आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी पण आहे. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, आमच्या घाटाखालच्या. ब्लूज, रॉक आणि आमच्या शेजारच्या गावची भैरवी गुरू आणि शनीच्या जवळून पुढं निघून गेली. माझ्या आवडी विस्कळीत आहेत असं कुणी म्हणालं की मी ही तबकडी पुढं करतो.

आता ज्योतिष. इथं मला सावकाश बोलायला हवं, कारण प्रश्न नाजूक आहे.

भविष्य सांगण्याचा मी कट्टर विरोधक आहे, आणि त्याला आधार आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. त्यामुळं लग्न जमवायला, धंदा उघडायला, जमीन घ्यायला पत्रिका बघणाऱ्याला मी हात जोडतो.

मग उरतं काय? माझ्या मते पुष्कळ उरतं. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं ६ सप्टेंबर १९४७ रोजी बंगळूरच्या बी. व्ही. रामन यांना एक पत्र लिहिलं होतं. रामन तिथून इंग्रजीत ज्योतिषाचं मासिक चालवायचे. तीस वर्षांहून जास्त काळ मला या विषयात रस आहे आणि एखाद्या रुग्णाचं निदान अवघड झालं की वेगळ्या बाजूनं बघायला मिळावं म्हणून मी त्याची पत्रिका मांडून घेतो, असा त्या पत्राचा आशय आहे. वेगळ्या बाजूनं बघणं, मला त्यातलं एवढंच हवं आहे. डेन रुध्यार तर मला फारच जवळचा वाटतो. १८९५ मध्ये पॅरिसला जन्मला, अमेरिकेत गेला, आधी संगीतकार म्हणून नावारूपाला आला, रुद्रावरून स्वतःचं नाव घेतलं आणि १९३६ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या ज्योतिषावर ग्रंथ लिहिला. पत्रिका म्हणजे पुढं काय घडणार याची यादी नव्हे, माणसाला कसं वाढता येईल याचा तो आराखडा, ही त्याची भूमिका. संगीत आणि ज्योतिष एका माणसात कसं, याला रुध्यार हेच उत्तर. पुढं लिझ ग्रीन या ज्योतिषी बाईंनी १९७६ मध्ये शनीवर पुस्तक लिहिलं आणि शनीला पापग्रहाच्या जागेवरून उठवून माणसाच्या भीतीच्या आणि जबाबदारीच्या जागी बसवलं.

आमच्या भागात याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. वडगावातल्या एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. "पोरगं बोलिना झालंय बघा. साडेसाती हाय म्हणत्यात. शनी बघा की जरा." मुलगा खाली मान घालून बसलेला. 'तुला काय होतंय' विचारलं की 'कायबी नाही'. मी कागदावर बारा घरं काढली. 'हे तिसरं घर भावंडांचं, इथं कोण?' तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ पुण्याला गेलाय. फोन उचलत नाही." मग चौथं घर, आईचं. तिथं आईला बाहेर बसवावं लागलं. दहाव्या, कामाच्या घरापाशी येईपर्यंत माग बंद पडल्यापासूनचं सगळं बाहेर आलं. ग्रहांनी यात काही केलं असं माझं म्हणणं नाही. पण कागदावरच्या घराबद्दल बोलणं त्याला जमलं, स्वतःबद्दल बोलणं जमत नव्हतं. आजीच्या ओवीसारखंच. त्याला रात्रीची झोप नव्हती, जगणं नको झालं होतं, म्हणून मी आईला समजावून त्याला धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत पाठवलं. अशा वेळी पत्रिका बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचाच. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोलता येतं, तो घरात लिहून ठेवा.

आणि साडेसातीला भिणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो. साडेसाती तीन राशींना एकाच वेळी असते, म्हणजे बारातल्या तीन. कुठल्याही दिवशी गावातल्या साधारण चौथ्या माणसाला साडेसाती असतेच. एवढ्या माणसांचं एकदम वाटोळं होत नसतं.

तुमच्या घरच्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. नुसत्या आवडी असून भागत नाही, त्यातल्या एका तरी गोष्टीत हात काळे करावे लागतात. मी गिटारवर बारा बार रोज वाजवतो, फार चांगले नाही पण रोज. लिहायचं असेल तर एक करून बघा. एकच प्रश्न घ्या, समजा 'माझ्या घरात राग कोण कसा व्यक्त करतं', आणि तुमच्या प्रत्येक आवडीला तो विचारा. जी आवड काहीतरी नवीन सांगेल ती ठेवा. जी गप्प बसेल ती नुसता विरंगुळा आहे. विरंगुळ्यालाही घरात जागा असावी, पण त्यावर लिहायची घाई नको.

ज्योतिषाकडं वळणार असाल तर आधी सायन-निरयनचा घोळ निस्तरा. रुध्यार आणि ग्रीन सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशी धरतात, आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या. दोघांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे, त्यामुळं बहुतेकांची सूर्यरास एकानं मागं सरकते. शिवाय आपण रास म्हणतो ती चंद्राची. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून वाचायला बसलात तर पहिल्याच दिवशी गोंधळ होईल. आधी ग्रीनचं शनीवरचं वाचा. ते वाचायला पत्रिका मांडता यायलाच हवी असं नाही.