त्रिकोण अबक मध्ये अब = अक. बाजू बक ही ड पर्यंत वाढवली, तेव्हा कोन अकड ११०° झाला. कोन अ किती?

उत्तर ४०°. पण सुरुवात कुठून करायची, हाच खरा प्रश्न दिसतोय.

कोन अ वर लगेच उडी मारू नका. जिथे माप दिलंय तिथे, म्हणजे क पाशी, आधी बघा. बकड ही सरळ रेषा, म्हणून तिथले दोन कोन रेषीय जोडीतले, म्हणजे बेरीज १८०°: कोन अकब = १८० − ११० = ७०°. आता अब = अक ही अट वापरा. समान बाजूंसमोरचे कोन समान, म्हणून कोन ब पण ७०°. उरला अ: १८० − १४० = ४०°. पडताळा तोंडी होतो. बाह्यकोन (इथे अकड) हा दूरस्थ आंतरकोनांच्या, म्हणजे त्याला लागून नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या (अ आणि ब) बेरजेइतका असतो, ४० + ७० = ११०, जुळलं.

बहुतेक जण अडकतात ते समान कोन भलतेच धरल्यामुळे. समान कोन अ आणि ब नव्हेत, ब आणि क. आकृतीत समान बाजूंवर छोट्या रेघा मारून घ्या, घोळ होत नाही.

समांतर रेषा आणि छेदिका (त्यांना छेदणारी रेषा) असेल तरी रीत हीच. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन (३क्ष + १०)° आणि (२क्ष + २०)° दिले, तर बेरीज १८०°, म्हणून क्ष = ३०. इथेच थांबू नका, विचारलाय तो कोन, क्ष नाही! कोन १००° आणि ८०°.

आणि आकृती कोनमापकाने मोजत बसू नका, परीक्षेतल्या आकृत्या बऱ्याचदा मापात नसतात.